वय सत्तर, रान नऊ एकर आणि १९९८चा एक जबाब

मालदांडी (धागाकर्ता)

सोमवारपासून आमच्याकडे ज्वारीची काढणी सुरू झाली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. ताटं मुठीत धरायची, कमरेत वाकून हिसका द्यायचा, मुळाची माती झटकायची आणि मागं टाकायचं. यंदा हौसेनं मीही पात धरली. दहा-बारा हिसक्यांतच कंबरेत अशी कळ आली की मुकाट्यानं बांधावर जाऊन बसलो. शेजारच्या पातीला माझ्याच वयाची एक म्हातारी होती. "बसा मालक," म्हणाली आणि पुढं निघून गेली. त्या 'मालक'वरनंच डोक्यात चक्र सुरू झालं, म्हणून हा धागा.

माझं वय ७०. भोसरीत ३४ वर्षं कारखान्यात काढली, ५८व्या वर्षी बायकोला घेऊन गावी आलो. वडिलांची १८ एकर. ते १९९७ला गेले. आज ९ एकर माझ्या नावावर, ९ धाकट्या भावाच्या. तो करोनात गेला. त्याचा मुलगा सगळंच रान कसतो, माझं निम्म्या वाट्यानं. कालव्याचं पाणी आमच्या गटापर्यंत आलेलं नाही. उत्तरा-हस्तात पेरायचं, पुढं थंडी आणि जमिनीतली ओल यावर पीक येतं. याच ज्वारीला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या भाकरीची चव त्यानं बदलली नाही, बाजारात भावही फारसा बदलला नाही.

आता मुद्द्याचं. मला दोन वर्षांनी मोठी बहीण आहे. आक्का. सांगोला तालुक्यात दिलेली, आता विधवा.

१९७२ला मी पंढरपूरला शिकायला होतो. आई आणि आक्का दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या. आक्का एकोणीस वर्षांची, खडी फोडायची. सुट्टीत घरी आलो तर ताटात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणि वाढणाऱ्या आक्काच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. तेव्हा वडिलांनी खालच्या अंगाचा चार एकराचा तुकडा विकायला काढला होता. सगळ्यात चांगला, कमरेएवढी काळी माती. गिऱ्हाईक ठरलेलं. आई म्हणाली, आमच्या दोघींच्या हजरीवर निघतंय तोवर निघू द्या. निघालं. तुकडा राहिला. आक्काचं लग्न मात्र त्या पायी साल-दीड साल लांबलं.

१९९८ला वारसनोंद झाली तेव्हा आक्काचं नाव सातबाऱ्यावर लागलं, आणि दोन-तीन महिन्यांत कमीही झालं. चावडीत गेलो, कागद वाचून दाखवला, आक्कानं सही केली. चौथी शिकलेली, एकेक अक्षर कोरून काढलं. घरी पुरणपोळी, हिरवं लुगडं. जाताना म्हणाली, "माझं माहेर तेवढं राहू द्या." मला तेव्हा वाटलं, केवढी समजूतदार!

परवा कंबर धरून मी ज्या बांधावर बसलो, तो त्याच तुकड्याचा बांध.

मला आक्काला एक एकर परत द्यायचंय. मुलगा पुण्यात आहे, तो म्हणतो आत्याला पैसे देऊ, जमिनीचा घोळ नको. पुतण्या काही बोलला नाही, पण तीन दिवस चहाला फिरकला नाही. बायको गप्प आहे. इथं जाणकार आहेत, अनुभवी आहेत. सांगा.

खडूस_कोकण्या

पहिला!

काका, नऊ एकरावर एकच नाव? पेढे वाटा. आमच्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. त्यातली १९ माणसं देवाघरी, पाच अंधेरीत, एकाचा पत्ता देवालाही नाही. पणजोबांपासून वाटपच नाही. तो सातबारा नव्हे, मतदारयादी आहे. कलमं आजोबांनी लावली, आंबा काढतो चुलतचुलता, आणि पेटी मागितली की "तुमचो हिस्सो खंय असा ता दाखवा" म्हणतो. दाखवणार काय, कपाळ? गणपतीत सगळे एकत्र आरती म्हणतो. टाळ चांगले वाजतात.

पण लिहिलंय छान. पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा).

शिवारफेरी

महसुलात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून थोडं कागदाचं बोलतो.

आधी एक गोष्ट तपासा. आक्कांचं नाव ज्या फेरफारानं कमी झालं, तो काढा. गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची नोंदवही. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाका. त्यात बघा की नोंद नोंदणीकृत हक्कसोडपत्रावरून झालीय की नुसत्या जबाबावरून. त्या काळात सर्रास जबाबावर नावं कमी केली जायची. मीही केली असतील. स्थावरातला हक्क सोडायचा तर १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणं दस्त नोंदवावा लागतो. चावडीतला जबाब म्हणजे दस्त नव्हे. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. नाव कमी झालं म्हणून मालकी संपतेच असं नाही. पुढचं वकिलाला विचारा, मी वकील नाही.

आता द्यायचं कसं. बक्षीसपत्र करायचं म्हणाल तर एक गंमत ऐका. महाराष्ट्रात शेतजमीन मुलाला, मुलीला, बायकोला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. बहीण त्या यादीत नाही. बहिणीला द्यायची तर सरकारी मूल्याच्या ३ टक्के, वर नोंदणी फी आणि उपकर असल्यास तो. मुलाला फुकटात, बहिणीला पैसे भरून.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. पण तुम्ही ७०, आक्का ७२. मृत्युपत्र कुणी कुणासाठी करायचं ते तुम्हीच बघा.

तुकडेबंदीची भीती नको. २०२३च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे ही मर्यादा आहे. तुमचं एकर म्हणजे ४० गुंठे. बसतं.

अनघा_मिरज

मालदांडी काका, राग मानू नका. १८ एकर, तीन भावंडं. गणित चौथीचं आहे. सहा-सहा. तुम्ही आणि भावानं तिच्या सहापैकी तीन-तीन घेतलीत आणि आता त्यातलं एक 'परत देताय'. परत द्यायचं तर तीन होतात.

माझ्या भावानं दोन वर्षांपूर्वी हक्कसोडवर सही मागितली. वडील होते तेव्हा. वडिलांनी मान खाली घालून पेपर वाचायला घेतला, उलटा. मी सही केली नाही. तेव्हापासून माहेरी कुणी "जेवून जा" म्हणत नाही. चहा मिळतो, तोही 'पाहुण्यांच्या' कपात.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा प्रकरणात साफ सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानं आहे, हिंदू वारसा कायद्याची २००५ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी. आक्कांना हे कुणी सांगितलंय का? की तेही तुम्हीच ठरवणार?

खडूस_कोकण्या

अनघाताई 🙏 उलटा पेपर.

मालदांडी

अनघाताई, राग नाही. 'एक एकर' हा आकडा माझ्या डोक्यात आला कुठून, याचाच काल रात्रभर विचार करत होतो. मला वाटतं, माझं मोडणार नाही एवढं किती, असा तो हिशेब होता. आक्काचा नव्हता.

शिवारफेरी साहेब, फेरफाराची नक्कल मागवतो.

गणूदादा_माढा

इथं सगळे मालकाच्या, मालकिणीच्या बाजूनं बोलतायत. त्या पुतण्याचं कुणी विचारलं का?

मी ३४ वर्षांचा. घरची दोन एकर, आणि सात एकर दुसऱ्यांची वाट्यानं आणि खंडानं. मालक पुण्यात, ठाण्यात. फोनवर पहिला प्रश्न "पाऊस झाला का" आणि दुसरा "माझं धान्य कधी पाठवतोस". कागद एकही करून देत नाहीत, कारण आजोबांच्या वेळचं कूळकायद्याचं भूत अजून मानेवर बसलंय. १ एप्रिल १९५७चा 'कृषक दिन', म्हणजे कसणारी कुळं मालक ठरली तो दिवस, त्यांना पाठ असतो, माझ्या बियाण्याचा भाव पाठ नसतो. कागद नाही म्हणून त्या सात एकरांवर मला पीककर्ज नाही. विम्याची, नुकसानभरपाईची रक्कम सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. गारपीट माझ्या डोक्यावर, पैसे ठाण्यात. ई-पीक पाहणीला मोबाईल घेऊन बांधावर मी उभा राहतो, फोटोत पीक मी पेरलेलं, खालचं नाव त्यांचं.

माझ्या आईची पण एक सही आहे अशीच, मामाकडं. म्हणून आत्याला द्या, नको कोण म्हणतंय. पण पुतण्या चहाला का आला नाही ते समजून घ्या. त्याचा बाप गेला, चुलता म्हातारा, चुलतभाऊ पुण्यात. बारा महिने रानात तो एकटा. उद्या तीन एकर आत्याकडं, परवा तिची पोरं ते विकणार, तिसऱ्या दिवशी तिथं फार्महाऊसचं कंपाउंड. त्यानं बैल विकून ट्रॅक्टरचं कर्ज काढलं असेल तर विचारा, हप्ता किती एकरांवर धरलाय.

मालदांडी

गणूदादा, ट्रॅक्टर आहे. कर्जाचाच. नेमकं बोललास.

वऱ्हाडी_ठेचा

दादा, वाचून डोये भरून आले. मायाकडं सात एकर वावर. कापूस, तूर. गुडघे गेले तवापासून मक्त्यानं देतो.

एकच सांगतो. आक्काले द्या, पण सारं उरकून मोकये होऊ नका. आमच्या गावात एका बुढ्यानं सारं वावर पोराच्या नावानं करून देल्लं. आता पोरगा अमरावतीले, बुढा देवळात जेवते. "मालक, या" म्हणनारे लोक आता त्याले पाहून रस्ता बदलते. वावर हाय त पॉवर हाय म्हंतेत ना, ते पॉवर सातबाऱ्यावर नाव हाय तवालोक.

देयाचंच असन त कागदात लिहून घ्या का म्हातारपनी सांभाईन. २००७ चा ज्येष्ठ नागरिकाचा कायदा हाय, त्यातलं कलम २३. पोरानं पाह्यलं नाही त प्रांताकडं जाऊन बक्षीसपत्र रद्द करून मांगता येते. अट लिहिली नसन त भांडन लांबते.

आन ते पीएम किसान मानधन नावाची पेन्शन निंगाली २०१९ ले, साठीनंतर तीन हजार महिना. गेलो फारम भराले. वय इचारलं. १८ ते ४० वाल्यायलेच नाव टाकता येते म्हने! म्हनजे जो आज म्हातारा हाय तो सोडून सारे.

म्हापसेकार

आमच्या गोव्यात नेमकं उलट. पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, आता २०१२चा वारसा कायदा. मुलगा-मुलगी सारखे. अर्धा भाग असा असतो की तो मुलांकडून मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्धे-अर्धे, विकायला दोघांच्या सह्या. आईची सही घेतल्याशिवाय बाबा आमच्या घराचा एक चिरा विकू शकत नव्हते.

मग शेतं फुलतात म्हणता? आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठचं शेत, सतरा वर्षं पडीक. मानशीची, म्हणजे खारं पाणी अडवायच्या मोरीची, दारं कुजली, बांध फुटला, खारं पाणी आत आलं. वाटपाची केस कोर्टात, अर्धे मामा लिस्बनला. हक्क सगळ्यांना, चिखलात पाय कुणाचाच नाही. मला अनघाताईंचं पटतं आणि गणूदादांचंही पटतं, त्यामुळं माझा काही उपयोग नाही.

टोरांटोकर

परदेशस्थांसाठी जाता जाता: आपल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळालेली ठेवता येते. मी साताऱ्यातली साडेतीन एकर ठेवलीय. का, ते बायको दरवर्षी विचारते. ऑफिसात कंटाळा आला की उपग्रहाच्या नकाशावर आमची विहीर शोधतो. सापडते. गोल काळा ठिपका.

येळवस

नावावरून ओळखलं असेल, लातूरकडचा. वडील ८१. बँकेतलं सगळं माझ्या नावावर केलं, रान अजून स्वतःच्या. कारण विचारलं तर म्हणाले, "वेळा अमावस्येला कोपीत पांडव मांडायला कोण बसतं?" जो जमिनीचा धनी तो पूजेला बसतो आणि पहिली आंबील त्याच्या हातानं शिंपडली जाते. यावर्षी दोघांनी धरून नेलं, बसता येईना. खुर्चीवरून शिंपडली.

बालगंधार

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. अवांतर: हुरड्याला कोणत्या महिन्यात यायचं?

मालदांडी

बालगंधार, डिसेंबरअखेर ते जानेवारी. आता ज्वारी दात पाडेल.

थोडं पुढचं सांगतो. नक्कल मिळाली. फेरफाराच्या शेऱ्यात लिहिलंय: "सदर इसम बाई यांनी समक्ष जबाब दिला की सदर मिळकतीत आपला हक्क सांगणे नाही, सबब नाव कमी केले." दस्ताचा क्रमांक नाही. खाली मंडळ अधिकाऱ्यांचा 'मंजूर'. 'सदर इसम बाई'! चश्मा पुसून पुन्हा वाचलं.

ती नक्कल जेवताना ताटाशेजारी होती. बायकोनं वाचली. ती सातवी शिकलीय, पण सावकाश वाचते. मग भाकरी टाकायला उठली आणि तव्याकडं तोंड करून म्हणाली, "आक्कांचं नाव लावताय ते चांगलंच आहे. माझं कुठं लावलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सांगतो, बारा वर्षं झाली गावी येऊन. पहिल्या साली पेरणीला आमच्याकडं पाभरीच्या चाड्यावर मूठ धरायला माणूस नव्हतं. मूठ धरणं म्हणजे नुसतं बी सोडणं नाही. मूठ सैल पडली की दाट, आवळली की पातळ, आणि बैलाच्या चालीशी मेळ लागतो. मला जमेना. भोसरीत २९ वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली ही बाई पदर खोचून पाभरीमागं गेली आणि चार दिवस मूठ धरली. तिला माहेरी असताना येत होतं म्हणे. ३८ वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. उगवून आलं तेव्हा ओळी बघायला भाऊ आला होता. म्हणाला, "वहिनी, आईची मूठ आहे." आता ट्रॅक्टरची पाभर आली, ते सगळं गेलं.

एवढं होऊन सातबाऱ्यावर ती कुठंच नाही. मी उद्या गेलो तर वारस म्हणून लागेल. म्हणजे तिला मालकीण व्हायला मी मरायला पाहिजे.

अनघा_मिरज

काकूंना माझा नमस्कार सांगा. तव्याकडं तोंड करूनच ही वाक्यं बोलली जातात, अनुभव आहे.

शिवारफेरी

काकूंचं काम सोपं आहे. लक्ष्मीमुक्ती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव हा कार्यक्रम राबवला होता, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. नंतर १९९२ला शासनानंही परिपत्रक काढलं. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर नवऱ्याच्या अर्जानं बायकोचं सहधारक म्हणून नाव लागतं, शुल्क नाही. तहसीलदारांच्या नावे अर्ज, सातबारा, ८अ (खातेउतारा), दोघांची ओळखपत्रं. नोकरीत असताना असे अर्ज किती आले विचाराल तर हाताच्या बोटांवर. आणि त्यातले दोघेजण नंतर "काढता येईल का" विचारायला आले होते.

चांदवडची_पोर

आई १९८६ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला ट्रकमधून गेली होती, मला कडेवर घेऊन. मला अर्थातच काही आठवत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की परत आल्यावर आजी म्हणाली, "झालं का तुमचं हिंडून?" आणि वडील पाणी भरून ठेवून बसले होते. नाव लागलं १९९४ला. दीड एकर कांद्याचं. वडील गेल्यावर काका-लोकांनी बराच जोर लावला, त्या दीड एकराला कुणाला हात लावता आला नाही. माझं बारावीनंतरचं सगळं शिक्षण त्या कांद्यावर झालं. (भाव पडला त्या वर्षी फी उशिरा भरली, तो वेगळा विषय.)

गणूदादा_माढा

काकूंचं नाव लावा, १०० टक्के. पुतण्याशी बोललात का?

मालदांडी

बोललो. म्हणजे तोच बोलला. काल संध्याकाळी कडब्याचं बुचाड रचत होता, मी पेंढ्या मोजून देत होतो. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. वर उभा राहून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आत्याला द्यायचं तर तुमच्या एकट्याच्यातनं का? दीड माझ्यातनं घ्या, दीड तुमच्यातनं. पण कसायला मलाच पाहिजे, आणि ह्यावेळी कागद करून पाहिजे." ह्यावेळी म्हणाला. म्हणजे आमच्यात इतकी वर्षं कागद नव्हता हे त्याला टोचत होतं आणि मी त्याला घरचा समजत होतो. मी त्याला सांगितलं की आत्याचं जे होईल ते होईल, माझ्या वाट्याचा कागद मात्र ह्या पेरणीआधी करू.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय वाटतं ते करा, मला ते रान नेमकं कुठून कुठपर्यंत आहे तेही माहीत नाही." रागानं नव्हता म्हणाला. मुलीला विचारलं, तर ती आधी हसली. "मला पहिल्यांदाच विचारताय."

टोरांटोकर

मुलाला एकदा बांधावरून फिरवून आणा काका. मला कुणी फिरवलं नव्हतं, म्हणून नकाशा बघतो.

मालदांडी

आक्का येऊन गेली. कणसं खुडायला म्हणून बोलावली होती, चार दिवस राहिली. मी अनघाताईंनी सांगितलेलं सगळं तिला नीट समजावलं: २००५, २०२०, सहा एकर, सगळं. फेरफार वाचून दाखवला. 'सदर इसम बाई'ला ती इतकी हसली की ठसका लागला.

मग म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं होय? सही केली तवाच ठाऊक हुतं काय चाललंय ते. खडी मी फोडली, तुकडा तुमचा झाला. पण तू पुण्याहनं चार दिसाची रजा काढून आलावतास, बाप नुकता गेलावता, भांडत कुठं बसू."

२७ वर्षं मी तिला समजूतदार समजत होतो.

नाव लावायचं म्हटल्यावर मात्र ती नको म्हणाली. तिची दोन मुलं आहेत, दोघांवर कर्ज. "आज लाव, आखाडात इकून मोकळी हुत्याल." मग काय करू विचारलं. तिनं खालच्या तुकड्यात उभं राहून तीन गोष्टी सांगितल्या. दरसाल दोन पोती ज्वारी आणि म्हशीपुरता कडबा सांगोल्याला धाडायचा, "पण बहिनीला देतोय म्हनून न्हाय, वाटा म्हनून, मापून." पुतण्यानं तिच्यासमोर मापायचं. आणि तिच्या नातीला, जी शेतकी कॉलेजात शिकते, तिला सुट्टीत इथं येऊ द्यायचं. "तिला बघू दे. तिला नको वाटलं तर मग सोडपत्र काय ते खरं करू."

अनघा_मिरज

काका, हे तुम्हाला सोयीचं झालं. आक्कांनी नको म्हटलं आणि सातबारा होता तसाच राहिला.

मालदांडी

हो. सोयीचं झालं. म्हणूनच झोप लागत नाही.

वकिलाला भेटलो. नातीच्या नावानं देता येईल का विचारलं. देता येतं, पण बहिणीची नात माझ्या '२०० रुपयां'च्या यादीत कुठंच बसत नाही, आणि घरातल्यांसाठीचे ते ३ टक्केही तिला नाहीत, शुल्क त्याहून जास्त. मी म्हटलं भरतो. तो म्हणाला, आधी आक्कांना लेखी विचारा, यावेळी तरी जबाबावर जाऊ नका.

बायकोचा अर्ज मात्र काल दिला. तिनं सही मराठीत केली आणि खाली तारीख घातली, मी सांगितली नसताना.

शिवारफेरी

अर्जाला ८अ जोडलात ना? तो नसला की परत येतो.

मालदांडी

जोडलाय. पोच घेतलीय. उद्या सकाळी सांगोल्याला टेम्पो जातोय, दोन पोती आणि साठ पाचुंदे. आक्का मापायला येते म्हणाली होती, पण तिचा गुडघा सुजलाय. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून मापलं. दुसऱ्या पोत्याला ती ओरडली, "हलव, हलव, खाली बसू दे!" आणखी दीड पायली बसली.